वकिलाने खासदारकीची एक टर्म कशी पेलावी: ठाणे-नवी मुंबईतल्या वकिलांसाठी

१७ वी लोकसभा पाच वर्षे चालली. सभागृह प्रत्यक्ष भरले ते २७४ दिवस. त्यातले गोंधळाचे आणि तहकुबीचे तास वजा केले, शोकप्रस्तावाचे दिवस सोडले, तर नव्या खासदाराच्या हाती काय उरते याचा हिशेब ज्याने त्याने करावा. दिवाणी दाव्यात पाच वर्षांत नुसते मुद्दे निश्चित होतात, हे ठाणे कोर्टात रोज उभे राहणाऱ्याला सांगायला नको.

म्हणून पहिली सूचना: ही आपली एकच टर्म आहे असे धरून निवडणुकीला उभे राहा. ठाण्याने प्रकाश परांजपे यांना १९९६ पासून सलग चार वेळा निवडून दिले, आणि २००९ मध्ये निवडून आलेल्या संजीव नाईक यांना पुढच्याच निवडणुकीत घरी पाठवले. दुसरी टर्म पक्ष, लाट आणि युती ठरवतात. वकिलाच्या हातात दोनच गोष्टी असतात: पाच वर्षांतले कागद आणि परतीची वाट.

मतदारसंघ आधी नकाशावर पाहा

ठाणे लोकसभेत सहा विधानसभा क्षेत्रे येतात: मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर. कळवा-मुंब्रा ठाणे महापालिकेत आहे, पण लोकसभेला कल्याणमध्ये मोडते. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेलमध्ये, म्हणजे मावळमध्ये. कळव्यातले पक्षकार आणि खारघरची सोसायटी आपल्याला कितीही मानत असली तरी त्यांचे मत आपल्या यंत्रात पडत नाही. कोर्टातली ओळख आणि मतदारसंघ यांची गल्लत करणारे वकील दर निवडणुकीत दिसतात.

या एका मतदारसंघात तीन महापालिका आणि तीन पोलीस आयुक्तालये आहेत: ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर (पोलिसांच्या बाबतीत मीरा-भाईंदर, वसई-विरार). पुढे शपथपत्र भरताना हे आठवेल.

सरकारी पॅनेल आणि लाभाचे पद

सरकारी वकील, विशेष सरकारी वकील, महापालिकेच्या किंवा महामंडळाच्या पॅनेलवरचा वकील, आयोगावरचा सदस्य: यातले काहीही असाल तर अर्ज भरण्याआधी लेखी राजीनामा द्या आणि तो मंजूर झाल्याचे पत्र हातात घ्या. घटनेच्या कलम १०२ नुसार लाभाचे पद हे अपात्रतेचे कारण आहे. काही पदांना १९५९ च्या कायद्याने सूट दिली आहे, पण आपले पद त्या यादीत बसते की नाही यावर छाननीच्या टेबलापाशी युक्तिवाद करण्याची वेळ येऊ देऊ नये. ‘मानधन घेतलेच नाही’ हा बचाव टिकत नाही. जया बच्चन यांची राज्यसभेची जागा २००६ मध्ये याच मुद्द्यावर गेली. पैसा प्रत्यक्ष घेतला का हे पाहिले जात नाही, तो मिळण्याजोगा होता का हे पाहिले जाते. उज्ज्वल निकम यांनी २०२४ मध्ये मुंबई उत्तर मध्यमधून उभे राहताना विशेष सरकारी वकीलपदे सोडली होती. तोच रस्ता सरळ आहे.

राजीनामा ‘दिला’ आणि ‘मंजूर झाला’ यांत मंत्रालयात कधी कधी महिना जातो. निवडणुकीची घोषणा व्हायची वाट पाहिली तर उशीर होतो.

अर्ज आणि शपथपत्र

लोकसभेला वय २५ पूर्ण हवे आणि देशातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवे. नाव ठाणे मतदारसंघाबाहेर असेल, समजा मुलुंडला राहत असाल, तर मतदारयादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जाबरोबर किंवा छाननीपर्यंत द्यावी लागते. अर्ज नमुना २-अ मध्ये. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, बाकीच्यांना दहा, आणि सूचक याच मतदारसंघातले मतदार हवेत. इथेच कळव्याचा सूचक आणून अर्ज बाद करून घेतला जातो. अनामत २५ हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते पडली नाहीत तर ती जप्त होते. जास्तीत जास्त चार संच भरता येतात. चारही भरा आणि प्रत्येकात सूचक वेगळा ठेवा. अर्ज दिल्यावर आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत उमेदवाराची शपथ घ्यायची असते. गर्दीत ती राहून जाते.

नमुना २६ चे शपथपत्र वकिलाला सोपे वाटते, आणि ते कारकुनावर सोडून देण्याचे कारणही हेच. एकही रकाना रिकामा ठेवू नका. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. रिकामे रकाने भरण्याची सूचना देऊनही ते न भरल्यास अर्ज बाद होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या रिसर्जन्स इंडिया प्रकरणात सांगितले आहे. वकिलांच्या बाबतीत तीन जागा हमखास चुकतात.

पहिली जागा येणे असलेल्या फीची. जंगम मालमत्तेत दिलेली कर्जे, आगाऊ रकमा यांच्याबरोबर येणे रकमाही विचारल्या आहेत. बिल पाठवले पण पैसे आले नाहीत, अशा रकमा तिथे दाखवाव्या लागतात. दुसरी, पाच वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे: स्वतःची, जोडीदाराची, अविभक्त कुटुंबाची आणि अवलंबितांची. पत्नीही वकील असेल आणि ऑफिस दोघांचे असेल तर भाडे, खर्च, फी यांचे आकडे दोन्ही विवरणपत्रांत जुळतात का ते सीएकडून आधी तपासून घ्या. तिसरी जागा प्रलंबित गुन्ह्यांची. प्रकल्पग्रस्तांच्या किंवा पाण्याच्या मोर्चात पुढे उभ्या असलेल्या वकिलावर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ व १३५ खाली मनाई आदेश मोडल्याची नोंद कुठेतरी असते आणि त्याला पत्ताही नसतो. तिन्ही आयुक्तालयांना लेखी अर्ज देऊन ‘माझ्या नावावर काय आहे’ हे विचारा, पोच जपून ठेवा. गुन्हा असेल तर तो वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर तीन वेळा प्रसिद्ध करावा लागतो; तो खर्चही उमेदवाराच्याच नावावर पडतो.

खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात ९५ लाख रुपये, २०२२ पासून. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी वेगळे बँक खाते उघडा. साऱ्या निवडणुकीत एका व्यक्तीला किंवा दुकानाला रोखीने १० हजारांहून जास्त देता येत नाही. मंडपवाला, रिक्षावर भोंगा लावणारा, वडापाववाला या तिघांचीच बिले इथे अडतात. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दाखल झाला नाही तर तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते. हे हरलेल्यांनाही लागू आहे, आणि चुकतात तेही बहुधा हरलेलेच. जिंकलेल्याने निकालापासून ४५ दिवस प्रचाराचा एकही कागद फाडू नये: तेवढ्या मुदतीत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका येऊ शकते.

सनद, वकीलपत्रे आणि ऑफिस

खासदाराला वकिली करता येते. २०१८ मध्ये अश्विनी कुमार उपाध्याय यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की खासदार-आमदार हे बार कौन्सिलच्या नियम ४९ मधले ‘पूर्णवेळ पगारी नोकर’ नव्हेत. मंत्री झालात तर मात्र प्रॅक्टिस थांबवावीच लागते.

करता येते म्हणून करावी का? आमचे मत: चालू तारखांची कामे सोडावीत, सल्ला आणि मसुद्याची कामे ठेवावीत. संसदेचे अधिवेशन आणि साक्षीपुराव्याची तारीख दोन्हीकडे एकाच माणसाने हजर राहायचे असते. दिवाणी संहितेच्या आदेश १७ प्रमाणे एका पक्षकाराला सुनावणीत तीनच तहकुबी मिळतात, आणि वकील दुसऱ्या कोर्टात अडकला आहे हे तहकुबीचे कारण धरले जात नाही. ‘साहेब दिल्लीला आहेत’ याला न्यायाधीश एकदा मान देतील. दुसऱ्या वेळी दंड बसेल तो पक्षकाराला.

कामे सोडताना नुसती फाइल ज्युनिअरच्या हातात देऊन भागत नाही. आदेश ३ नियम ४ नुसार एकदा दाखल झालेले वकीलपत्र न्यायालयाच्या परवानगीने लेखी संपवले जाईपर्यंत चालूच राहते. म्हणून क्रम असा ठेवा. निकाल लागल्याच्या आठवड्यात कारकुनाकडून सर्व प्रकरणांचा तक्ता करून घ्या: कोर्ट (ठाणे, बेलापूर, उच्च न्यायालय, ग्राहक आयोग, महारेरा), टप्पा, पुढची तारीख, मुदतीचे शेवटचे दिवस, जमा फी आणि झालेले काम. मग प्रत्येक पक्षकाराला पत्र: तीन पर्याय द्या, म्हणजे ज्युनिअरकडे, दुसऱ्या वकिलाकडे किंवा फाइल परत. न केलेल्या कामाची फी परत करणे हे बार कौन्सिलच्या नियमांतच आहे, उपकार नव्हे. त्यानंतर नव्या वकिलाचे वकीलपत्र नाहरकतीसह दाखल करून घ्या आणि रोजनाम्यात नोंद झाली का ते पाहा. साक्षी सुरू असलेली प्रकरणे आणि जामिनावरचे आरोपी यांना अग्रक्रम. अपिलाची मुदत चालू असलेल्या फायली वेगळ्या रंगाच्या कव्हरात ठेवा. निकालाच्या जल्लोषात मुदत बुडाल्याची तक्रार पुढे शिस्त समितीपुढे जाते, आणि तिथे हार-तुऱ्यांचा उपयोग होत नाही.

प्रॅक्टिस पूर्ण थांबवायची असेल तर मूळ सनदेसह (वकिलीच्या नोंदणीचे प्रमाणपत्र) महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला रजिस्टर पोस्टाने कळवायचे. परत सुरू करताना पुन्हा अर्ज. सनदेच्या प्रमाणित प्रती आधी काढून ठेवा.

खासदाराचे लेटरहेड आणि वकिलाचे लेटरहेड वेगळे, ईमेल वेगळा, शक्यतो जागाही वेगळी. पक्षकाराच्या नोटिशीवर राजमुद्रा आली की समोरची बाजू ती नोटीस पहिल्याच तारखेला दाखल करते. पगार (एप्रिल २०२३ पासून महिना १,२४,००० रुपये) प्राप्तिकरात ‘इतर स्रोतां’खाली जातो आणि फी व्यवसायाच्या उत्पन्नात, दोन्ही एकाच खात्यात घेऊ नका. शपथेनंतर ९० दिवसांत मालमत्ता व दायित्वांचे विवरण अध्यक्षांकडे द्यायचे असते.

प्रश्न: वकिलाचे खरे हत्यार

भाषण गल्लीत व्हायरल होते, प्रश्नाचे उत्तर फाइलमध्ये राहते. लोकसभेत एका दिवसासाठी एका सदस्याला पाच प्रश्नांच्या नोटिसा देता येतात, किमान १५ पूर्ण दिवस आधी. त्या दिवशी २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात. तारांकित सोडतीने ठरतात, आणि तोंडी उत्तराची पाळी पहिल्या चार-सहा प्रश्नांपुढे क्वचितच जाते. नव्या खासदाराला तारांकितचे आकर्षण असते. माहिती हवी असेल तर अतारांकित पुरे. प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो, त्यामुळे अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की पहिल्याच दिवशी तक्ता करा.

प्रश्न उलटतपासणीसारखा लिहा. ‘ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गावर गर्दी वाढली हे खरे काय आणि सरकार काय करत आहे’ या प्रश्नाला ‘पावले उचलली जात आहेत’ एवढेच उत्तर येते, आणि तशा प्रश्नाला तेच शोभते. त्याऐवजी एमयूटीपी-३ (मुंबई शहरी रेल्वे प्रकल्पाचा तिसरा टप्पा) मधला ऐरोली-कळवा उन्नत मार्ग घ्या: दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले, पुढचा टप्पा का अडला? मंजूर रक्कम किती, आजवरचा खर्च किती, बाधित कुटुंबे किती, पुनर्वसन कोणत्या यंत्रणेकडे, तिच्याशी शेवटचा पत्रव्यवहार कोणत्या तारखेचा. प्रत्येक उपप्रश्नाचे उत्तर आकडा, तारीख किंवा नाव यांपैकी एकच असू शकेल असे पाहा. शब्दमर्यादा १५० आहे, पण ८० शब्दांत बसतो.

नोटीस नामंजूर होण्याची कारणे तीन. न्यायप्रविष्ट बाब असेल तर नियम ४१ खाली प्रश्न येतच नाही, आणि वकील नेमके आपल्या चालू प्रकरणाबद्दलच विचारायला जातात. दुसरे, विषय राज्याचा असतो. मानीव अभिहस्तांतरण (सोसायटीच्या नावावर जमीन करणे), क्लस्टर (इमारतींचा सामूहिक पुनर्विकास), सिडकोचे भूखंड, एमआयडीसीचे पाणी हे सारे मुंबईत ठरते, दिल्लीत नाही. दि. बा. पाटील वकील होते, खासदारही झाले. पण प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड देण्याचा निर्णय आला तो १९८४ च्या जासई-दास्तानच्या लढ्याच्या रेट्याने आणि राज्य सरकारकडून. आपल्या भागासाठी दिल्लीत विचारण्याजोगे विषय म्हणजे रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, विमानतळ, बंदर, खाडी-कांदळवनांची पर्यावरण मंजुरी, ठाणे खाडीचे रामसर क्षेत्र, ईएसआयसी, टपाल. तिसरे कारण, प्रश्नात मत किंवा आरोप असतो.

मंत्र्याने सभागृहात ‘तपासून सांगतो’ म्हटले की ते आश्वासन धरले जाते आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. मुदत तीन महिन्यांची. अशा वाक्यांची वही ठेवा. पक्षकाराचे पैसे आणि सभागृहातला प्रश्न यांच्यात धागादेखील नको: प्रश्नासाठी पैसे घेतल्यावरून डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांची हकालपट्टी झाली, आणि लाचेला संसदीय विशेषाधिकाराचे कवच नाही असे सात न्यायमूर्तींच्या पीठाने मार्च २०२४ मध्ये सांगितले आहे. एखाद्या अशिलाच्या उद्योगाशी संबंधित प्रश्न विचारायचा मोह झाला तर त्याचे काम घेऊ नका, किंवा प्रश्न सोडा.

विधेयक मांडायचे असेल तर लहान मांडा

खासगी सदस्याची विधेयके शुक्रवारी अडीच तासांत उरकतात. १९५२ पासून अशी १४ विधेयकेच कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये. ते कोणाचे होते हे वकिलांनी पाहावे. आनंद नारायण मुल्ला, आधी वकील, मग अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, १९६७ मध्ये लखनौहून अपक्ष निवडून आले. लोकसभेत त्यांची ती एकच टर्म. उच्च न्यायालयाने निर्दोष सुटका फिरवून फाशी दिली तर सर्वोच्च न्यायालयात हक्काने अपील होते, पण जन्मठेप किंवा दहा वर्षांची शिक्षा दिली तर होत नव्हते. मुल्लांच्या विधेयकाने ती फट बुजवली. घटनेच्या कलम १३४(२) ने संसदेला तो अधिकार आधीच दिला होता, पैशाची तरतूद लागत नव्हती, विरोध करायला कुणाचे हितसंबंध नव्हते, आणि मसुदा अगदी थोड्या कलमांचा होता.

वकील खासदार याच्या उलट करतात. मोठे नाव, चाळीस कलमे, नवे प्राधिकरण, नवा निधी. निधी आला की कलम ११७ खाली राष्ट्रपतींची शिफारस लागते आणि विधेयक तिथेच बसते. घटनादुरुस्तीचे तर बोलूच नये. मांडण्यासाठी महिन्याची नोटीस लागते, पुढे सोडत, आणि लोकसभा विसर्जित झाली की प्रलंबित विधेयक रद्द. तिसऱ्या वर्षी मांडलेले विधेयक हे बातमीपुरतेच असते.

याहून हाती लागणारे काम म्हणजे नियमांचे. केंद्रीय कायद्याखाली केलेले नियम सभागृहात ३० दिवस ठेवले जातात आणि त्यात दुरुस्ती किंवा रद्द करण्याची सूचना कोणताही सदस्य देऊ शकतो. ही कागदपत्रे फारसे कुणी उघडत नाही. गौण विधिविधान समितीवर नेमणूक मिळते का ते पक्षाच्या प्रतोदाला पहिल्याच महिन्यात विचारा. ती फोटोची समिती नाही, पण वाचणाऱ्या वकिलाला तिथे जागा आहे. पक्षादेशाविरुद्ध मत देण्याची वेळ आली तर परवानगी आधी लेखी घ्या: पक्षाने १५ दिवसांत माफ केले नाही तर दहाव्या अनुसूचीखाली (पक्षांतरबंदी) जागा जाते.

खासदार निधी

वर्षाला पाच कोटी. खासदार फक्त शिफारस करतो, मंजुरी आणि खर्च जिल्हा यंत्रणेचा. १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि ७.५ टक्के अनुसूचित जमातींच्या वस्तीसाठी; येऊरच्या पाड्यांसारखी ठिकाणे पहिल्या वर्षीच यादीत घ्या, कारण वनजमिनीच्या परवानग्यांना वेळ लागतो. खासगी जागा, धार्मिक स्थळ, भूसंपादन यांना पैसा मिळत नाही. शिफारशीच्या पत्राला जागेचा सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक आणि महापालिकेचे ‘देखभाल आम्ही करू’ हे पत्र जोडा. याविना पाठवलेली पत्रे जिल्हाधिकारी कार्यालयात पडून राहतात.

शेवटचे वर्ष आणि परत

आचारसंहिता लागली की प्रत्यक्ष सुरू न झालेले निधीचे काम थांबते. म्हणून चौथ्या वर्षाअखेर सर्व शिफारशी गेलेल्या असाव्यात. लोकसभा विसर्जित झाल्यावर दिल्लीचे घर महिन्याभरात रिकामे करून वीज, पाणी, फर्निचर यांची ‘देणे नाही’ प्रमाणपत्रे घ्या. पुढची निवडणूक लढवायची झाली तर सरकारी निवासाची थकबाकी शपथपत्रात विचारतात. निवृत्तिवेतन एका टर्मलाही मिळते, महिना ३१,००० रुपये.

अपूर्ण कामांची यादी, आश्वासनांची वही आणि प्रश्नोत्तरांच्या प्रती नव्या खासदाराकडे पोच घेऊन द्या, तो विरोधी पक्षाचा असला तरी. एक संच स्वतःकडे ठेवा.

सनद स्थगित केली असेल तर पुन्हा सुरू करण्याचा अर्ज आधी आणि ऑफिसचे उद्घाटन नंतर. राजमुद्रा असलेली लेटरहेड्स आणि गाडीवरचे स्टिकर नष्ट करा: माजी खासदारांना राजमुद्रा वापरायला २००७ च्या नियमांनी बंदी आहे. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाच्या पाटीवर व कागदांवर संस्था-संघटनांशी असलेले संबंध लिहायचे नसतात, तेव्हा ‘माजी खासदार’ ही अक्षरे कोर्ट नाक्यावरच्या पाटीत नकोत. जुने पक्षकार परत येतील, पण त्यांची प्रकरणे आता ज्याच्या नावावर आहेत त्या वकिलाची नाहरकत घेतल्याशिवाय वकीलपत्रावर सही करू नका, मग तो वकील कालपर्यंत आपला ज्युनिअर का असेना.